शेतातले प्लास्टिक आणि पिकाचे मूळ : उशिरा विचारलेल्या एका प्रश्नाचा इतिहास

प्लास्टिकविषयीचे आपले सरकारी नियम वाचताना एक शब्द वारंवार भेटतो : मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ढोबळमानाने सत्तर मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात ठेवले की पुढचे आकडे समजायला सोपे जातात. केंद्र सरकारच्या १९९९ च्या नियमांनी पिशवीची किमान जाडी २० मायक्रॉन ठरवली. २०११ मध्ये ती ४० झाली, २०१६ मध्ये ५०, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. मधल्या काळात २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तुंबलेल्या गटारांचा दोष पिशव्यांवर आला. त्यानंतर महाराष्ट्राने पिशव्यांविरुद्ध कडक भूमिका घेतली आणि मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक-थर्माकोल बंदीची अधिसूचना काढली.

या नियमांमागची कारणे पाहा. पातळ पिशवी गटार तुंबवते, गाईच्या पोटात जाते आणि वजनाला काहीच भरत नसल्याने कचरा वेचणारे ती उचलत नाहीत. तिन्ही कारणे खरी आहेत, पण त्यांत झाड कुठेच नाही. शेतात गादीवाफ्यावर अंथरतात तो मल्चिंग पेपर साधारण २५ ते ३० मायक्रॉनचा असतो, म्हणजे आज बाजारात चालणाऱ्या पिशवीच्या चौथ्या हिश्श्याइतका पातळ. तो पिशवी नाही आणि वेष्टनही नाही, त्यामुळे जाडीची ही अट त्याला लागू होत नाही. पिशवी मातीपर्यंत चुकून पोहोचते. हा कागद मात्र मातीवरच अंथरायचा असतो.

या टिपणात आपण दोन गोष्टी पाहू. एक, प्लास्टिक शेतात पिकाचा मित्र म्हणून कसे आले. दुसरी, त्याच्या तुकड्यांचे मुळांशी काय होते हा प्रश्न इतक्या उशिरा का विचारला गेला. शेवटी थोडी आकडेमोड आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी ती वगळू नये.

कागदापासून ‘कागदा’पर्यंत

जमीन झाकून पीक घेणे ही नवी युक्ती नाही. आपल्याकडे उसाचे पाचट सरीत पसरतात; इकडे छत्तीसगडमध्ये भाताचा पेंढा, ज्याला इथले लोक पैरा म्हणतात, भाजीच्या वाफ्यावर टाकतात. ओल टिकते, तण दबते आणि शेवटी पेंढा कुजून मातीच होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत हवाई बेटांवरच्या अननसाच्या मळ्यांत डांबर लावलेला कागद अंथरत. तो हंगामापुरता टिके.

पॉलिथिनचा शोध अपघाताने लागला. मार्च १९३३ मध्ये इंग्लंडमधील विनिंग्टन येथे आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट यांना उच्च दाबाखालच्या एका फसलेल्या प्रयोगात भांड्याच्या तळाशी पांढरा मेणासारखा पदार्थ सापडला. युद्धकाळात तो रडारच्या केबलींना वेष्टण म्हणून वापरला गेला. युद्ध संपल्यावर त्याला नवे गिऱ्हाईक हवे होते. १९४८ मध्ये केंटकी विद्यापीठातील एमरी एमर्ट यांनी हरितगृहाला महागड्या काचेऐवजी पॉलिथिनचा पडदा लावला आणि पुढच्या दशकात तोच पडदा जमिनीवरही अंथरला जाऊ लागला.

मराठी शेतकरी या पडद्याला आजही ‘मल्चिंग पेपर’ म्हणतो, शेततळ्याच्या अस्तरालाही ‘कागद’च म्हणतो. वस्तू बदलली तरी नाव कागदाचेच राहिले, आणि कागद म्हटले की तो केव्हातरी कुजेल असे वाटतेच. इकडे रायपूरला पॉलिथिनच्या पिशवीला ‘झिल्ली’ म्हणतात. हिंदी माध्यमातून जीवशास्त्र शिकलेल्या मुलांना पेशीच्या पटलासाठी हाच शब्द ठाऊक असतो. त्यामुळे वर्गात ‘झिल्लीतून झिल्ली आत जाते का?’ असा प्रश्न आला की हशा पिकतो. प्रश्न मात्र अगदी योग्य आहे, आणि पुढे आपण त्याकडेच जाणार आहोत.

जळगाव, १९७२ नंतर

भारतात पॉलिस्टायरीनचे उत्पादन १९५७ मध्ये आणि पॉलिथिनचे १९५९ मध्ये सुरू झाले. १९६८ मध्ये ठाण्याजवळ नोसिलचा पेट्रोरसायन प्रकल्प उभा राहिला. कच्चा माल उपलब्ध झाला. गरज निर्माण केली ती दुष्काळाने. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने विहिरी तळापर्यंत कोरड्या पडलेल्या पाहिल्या. सरीतून पाट वाहता ठेवण्याचे दिवस संपले, हे शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

मार्च १९८१ मध्ये केंद्राने शेतीतील प्लास्टिक वापरासाठी एक राष्ट्रीय समिती नेमली. तिचे अध्यक्ष जी. व्ही. के. राव होते. ही समिती शेती खात्याने नव्हे, पेट्रोलियम, रसायने व खते मंत्रालयाने नेमली होती. प्लास्टिक जिथे तयार होते त्या बाजूने ते शेताकडे पाठवले गेले. पुढे समिती कृषी मंत्रालयाकडे आली आणि तिच्या नावात फलोत्पादन आले. पण पहिला प्रश्न कोणाच्या टेबलावर मांडला गेला याचा पुढच्या प्रश्नांवर परिणाम होतो, असे मला वाटते. किती शेतात पोहोचवायचे, हे तिथे मोजले गेले. किती शेतातून परत आणायचे, हा त्या टेबलाचा विषयच नव्हता.

त्याच सुमारास जळगावला भवरलाल जैन यांनी १९८० मध्ये पीव्हीसी पाईपचे उत्पादन सुरू केले आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात ते ठिबक सिंचनाकडे वळले. इस्रायलमध्ये सिम्खा ब्लास यांनी विकसित केलेले आणि १९६५ पासून नेटाफिम कंपनीने विकलेले तंत्र खानदेशातल्या केळीच्या बागेत रुजले. ठिबकची नळी पॉलिथिनची, मुख्य पाईप पीव्हीसीचा. मग मल्चिंग आले, केळीच्या घडावर चढवायच्या पिशव्या आल्या, शेडनेट आले, शेततळ्याचे अस्तर आले. नाशिकच्या द्राक्षापासून सोलापूरच्या डाळिंबापर्यंत कमी पाण्यात बाग उभी राहिली ती यामुळे. इकडे दुर्ग जिल्ह्यातील धमधा भागात मैलोगणिक टोमॅटो दिसतो, त्याच्याही मुळाशी ठिबक आणि मल्चिंगच आहे.

हे सविस्तर सांगण्याचे कारण आहे. प्रदूषणावर लिहिताना प्लास्टिकला पहिल्या ओळीपासून खलनायक करण्याची सवय आपल्याला लागली आहे. चीनमधील शेकडो प्रयोगांचा एकत्र अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्लास्टिक आच्छादनाने उत्पादन सरासरी २४ टक्क्यांनी वाढलेले आढळले. हा फायदा खोटा नाही. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा आपल्याला शेवटी लागणार आहे.

प्रश्न समुद्राकडून आला

प्लास्टिकच्या बारीक तुकड्यांकडे विज्ञानाचे लक्ष गेले ते जहाजावरून. १९७२ मध्ये एडवर्ड कार्पेंटर आणि के. एल. स्मिथ यांनी अटलांटिकमधल्या सारगासो समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगणारे प्लास्टिकचे कण नोंदवले. महाराष्ट्रातल्या त्या दुष्काळाचेच हे वर्ष, हा निव्वळ योगायोग. २००४ मध्ये प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन यांनी ‘सायन्स’मधील लेखातून ‘मायक्रोप्लास्टिक’ ही संज्ञा रूढ केली. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक, ही व्याख्या त्यानंतर स्थिरावली. आपल्याकडेही वाट तीच राहिली : २०१८ मध्ये मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी सूक्ष्म प्लास्टिक शोधले ते समुद्री मिठात.

जमिनीविषयी हाच प्रश्न ठळकपणे विचारला तो बर्लिनच्या मॅथियस रिलिग यांनी, २०१२ मध्ये. म्हणजे एमर्टनंतर चौसष्ट वर्षांनी आणि आपल्या राष्ट्रीय समितीनंतर एकतीस वर्षांनी. इतका उशीर का? एक कारण अगदी साधे आहे. समुद्राचे पाणी जाळीतून गाळले की कण वर राहतात. माती गाळली की मातीच वर राहते. सेंद्रिय पदार्थ, मुळांचे केस आणि रेतीचे कण यांतून पन्नास मायक्रॉनचा पॉलिथिनचा तुकडा वेगळा काढणे हे किचकट काम आहे. दुसरे कारण असे की समुद्रातले प्लास्टिक नकोसे म्हणून आलेले होते, शेतातले हवेसे म्हणून. हव्या असलेल्या वस्तूच्या अवशेषाकडे लक्ष जायला वेळ लागतो.

तुकडे होतात कसे, हे बहुलक रसायनाच्या तासाला येऊन गेले असेल. उन्हातील अतिनील किरणांनी साखळीत ऑक्सिजन शिरतो, साखळ्या तुटतात, पडदा ठिसूळ होतो. काळ्या पडद्यातील काजळी हा वेग कमी करते, पण थांबवत नाही. मग रोटाव्हेटर फिरतो. मातीखाली गेलेल्या तुकड्याला ऊन मिळत नाही, म्हणून त्याचे पुढचे विघटन फारच मंद होते. तिथे तो दशकानुदशके राहू शकतो. मल्चिंग हा एकच मार्गही नाही. गावच्या उकिरड्यात शेणाबरोबर पिशव्या पडतात आणि उन्हाळ्यात शेणखताबरोबर शेतात पसरल्या जातात. शहरी कचऱ्याच्या कंपोस्टमधून तुकडे येतात, सांडपाण्यातून कपड्यांचे धागे येतात आणि टायरची झीज रस्त्याकडेच्या मातीत उतरते. भनपुरीहून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवसरात्र ट्रक धावतात. उरला-सिलतरापर्यंतच्या या औद्योगिक पट्ट्यात शेताचे तुकडे अजून मधे मधे शिल्लक आहेत, त्यांच्यासाठी हा शेवटचा मार्ग महत्त्वाचा.

महाराष्ट्राच्या मातीची तपासणीही झाली आहे. टॉक्सिक्स लिंक ही दिल्लीची संस्था आणि मणिपालचे विद्यापीठ यांनी महाराष्ट्र व कर्नाटकातील मल्चिंग वापरणाऱ्या शेतांतून नमुने घेतले, तेव्हा त्यांत सूक्ष्म प्लास्टिक आढळले.

कुंडीतले प्रयोग काय सांगतात

वनस्पतीवर होणारा परिणाम पाहणारे प्रयोग बहुतेक २०१८ नंतरचे आहेत. ते एका सुरात बोलत नाहीत, आणि त्यातच त्यांची गंमत आहे.

नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथे २०१८ मध्ये गव्हाच्या कुंड्यांत मल्चिंगचे तुकडे मातीच्या वजनाच्या एक टक्का मिसळले गेले. साध्या पॉलिथिनने वाढ मंदावली. स्टार्चपासून बनवलेल्या ‘जैवविघटनशील’ पडद्याने ती अधिकच मंदावली. ज्या कुंड्यांत गांडुळे होती, तिथे नुकसान बरेच कमी झाले. ‘जैव’ शब्द दिसला की निश्चिंत होणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये राय गवतावर प्रयोग झाला. तिथे पीएलए या वनस्पतिजन्य प्लास्टिकने बियांची उगवण घटली, तर पॉलिथिनने मातीचा सामू खाली आला. गांडुळांचे वजनही घटले.

आता उलटी बाजू. बर्लिनच्या गटाने २०१९ मध्ये कांद्याच्या पातीवर सहा प्रकारची प्लास्टिके वापरून पाहिली. पॉलिएस्टरच्या धाग्यांनी माती भुसभुशीत झाली, तिची पाणी धरण्याची क्षमता वाढली आणि मुळांचे वजन वाढले. पॉलिअमाइडच्या मण्यांनी पातीतील नायट्रोजन वाढला. पॉलिअमाइडच्या रेणूतच नायट्रोजन असतो, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने ओळखले असेल. याचा अर्थ प्लास्टिक हे खत आहे असा नाही. अर्थ असा की प्लास्टिक प्रथम मातीची रचना बदलते आणि झाड त्या बदललेल्या मातीला प्रतिसाद देते. धागा माती सैल करतो. पडद्याचा चपटा तुकडा पाण्याची वाट अडवतो आणि उतरत्या मुळाला वळसा घ्यायला लावतो. मणी यातले काहीच करत नाही. ‘प्लास्टिकचा परिणाम’ हा शब्दप्रयोग म्हणूनच ढिला आहे. कोणते, कोणत्या आकाराचे आणि किती, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

बियांवरचा प्रयोग लायडनला झाला. हालिमाच्या बियांच्या कवचावर कण साचले, कवचाची छिद्रे बुजली आणि पहिल्या आठ तासांत उगवण स्पष्टपणे मागे पडली. चोवीस तासांनंतर हा फरक राहिला नाही.

आता वर्गातल्या त्या प्रश्नाकडे येऊ : कण मुळाच्या आत जातो का? पेशीभित्तीची छिद्रे नॅनोमीटरच्या दोन अंकी मापात असतात. तेथून पन्नास मायक्रॉनचा तुकडा जाणे म्हणजे सुईच्या नेढ्यातून बैलगाडी काढण्यासारखे. त्यामुळे ‘जात नाही’ असेच मानले जाई. २०२० मध्ये चीनमधील यानताई येथील संशोधकांनी गहू आणि लेट्यूसवर चमकणारे पॉलिस्टायरीनचे कण वापरून दुसरीच वाट दाखवली. मुख्य मुळातून बाजूचे मूळ फुटते तेव्हा त्या जागी तात्पुरती भेग पडते. ०.२ मायक्रॉनचेच नव्हे, तर २ मायक्रॉनचे कणही त्या भेगेतून आत शिरले आणि बाष्पोत्सर्जनाच्या ओढीने पाण्याबरोबर खोडाकडे गेले. पटल ओलांडण्याची गरजच पडली नाही. दार नव्हते तरी भिंतीला तडा होता. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने असे दाखवले की कणावरचा विद्युतभार धन की ऋण यावर तो मुळात कुठे साचतो हे ठरते.

आत गेलेला किंवा बाहेर साचलेला कण पेशीत ऑक्सिडीकारक ताण निर्माण करतो, हरितद्रव्य घटते, प्रकाशसंश्लेषण मंदावते. २०२५ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात हजारो नोंदींचा एकत्रित अभ्यास आला. त्यानुसार वनस्पती व शैवालांत प्रकाशसंश्लेषणाची घट ७ ते १२ टक्के आहे. वर्तमानपत्रांनी या आकड्याचे मोठे मथळे केले. तो आकडा कुंडीत किंवा चंचुपात्रात किती प्लास्टिक होते यावर उभा आहे, आणि नेमके तेच मथळ्यात येत नाही.

एका एकराचा हिशेब

म्हणून हिशेब आपणच करू. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. गादीवाफे त्यातील सुमारे ६० टक्के व्यापतात असे धरा, म्हणजे अंदाजे २,४०० चौरस मीटर पडदा. जाडी २५ मायक्रॉन, म्हणून आकारमान ०.०६ घनमीटर. पॉलिथिनची घनता ९२० किलो प्रति घनमीटर. वजन आले सुमारे ५५ किलो. हंगामानंतर पडदा ओढून काढला आणि दहावा हिस्सा फाटून मातीत राहिला असे गृहीत धरा : एकरी साडेपाच किलो.

वरच्या पंधरा सेंटिमीटर थराचे आकारमान ६०७ घनमीटर. मातीची घनता १.३ धरली तर वजन सुमारे ७ लाख ९० हजार किलो. गुणोत्तर आले ०.०००७ टक्के. दरवर्षी एक पडदा अंथरला तर वीस वर्षांनी ०.०१४ टक्के. वाखेनिंगेनच्या कुंडीत एक टक्का होता, म्हणजे सत्तर पट अधिक. इथे थांबलो तर ‘मग भीती कशाची?’ असा निष्कर्ष निघेल.

थांबायचे नाही, कारण चीनने हा प्रयोग कुंडीत नव्हे, देशभर केला आहे. तिथे प्लास्टिक आच्छादन सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जपानकडून आले. झिनजियांगच्या कापसासाठी ते वरदान ठरले. पण पडदा अवघा ८ मायक्रॉनचा होता. तो हंगामाअखेर ओढला की हातात चिंध्या येत. काही भागांत वरच्या थरात हेक्टरी ५० ते २६० किलो अवशेष साचले. मघाशी सांगितलेला २०१९ च्या अभ्यासातला दुसरा आकडा हा : अवशेष हेक्टरी २४० किलोंच्या वर गेले की उत्पादन, झाडाची उंची आणि मुळांचे वजन स्पष्टपणे घटते. आपले एकरी साडेपाच किलो म्हणजे हेक्टरी सुमारे साडेतेरा. या वेगाने २४० गाठायला अठरा वर्षे लागतील.

टक्क्यांत नगण्य आणि किलोंत धोकादायक, असे कसे? कारण पडदा वजनाने नव्हे, क्षेत्रफळाने अडवतो. २५ मायक्रॉनच्या २४० किलो पडद्याचे क्षेत्रफळ काढा : जवळजवळ १०,४०० चौरस मीटर, म्हणजे एका हेक्टर जमिनीखाली एक अखंड थर, फक्त फाटलेला. ८ मायक्रॉनच्या पडद्याचे हेच वजन सव्वातीन थर भरते. त्यामुळे चिनी आकडा आपल्या शेताला जसाच्या तसा लावता येत नाही. जाड पडद्याला तेवढे क्षेत्रफळ गाठायला तिपटीहून अधिक वर्षे लागतील. हा दिलासा तुकडे मोठे असेपर्यंतच. त्यांचा भुगा झाला की जाडीचा फायदा संपतो.

चीनने २०१७ च्या मानकात किमान जाडी १० मायक्रॉन केली, आणि कारण दिले ते गटाराचे नव्हे : पडदा अखंड निघावा म्हणून. आपला पडदा त्याहून अडीच-तीन पट जाड आहे, म्हणून तो काढता येतो. अडचण पुढे आहे. मातीने माखलेला पडदा भंगारवाला घेत नाही. घेतलाच तर मातीचे वजन कापून घेतो. फलोत्पादन योजनेच्या निकषांत बरीच वर्षे मल्चिंगसाठी हेक्टरी ३२,००० रुपये खर्च धरून निम्मे अनुदान मिळत होते. हे पैसे अंथरण्यासाठी आहेत, उचलण्यासाठी नाहीत. मजुरी देऊन काढलेला पडदा बांधावर जाळला जातो किंवा रोटाव्हेटरखाली जातो. वरच्या हिशेबातला ‘दहावा हिस्सा’ किती होईल हे शेवटी या मजुरीवर ठरते : विसावा हिस्सा राहिला तर अठराची छत्तीस वर्षे होतात, पाचवा राहिला तर नऊ.

स्वतः पाहण्यासाठी

यासाठी महागडे उपकरण लागत नाही. भाजीच्या शेतातली वरच्या पंधरा सेंटिमीटरची माती घ्या, वाळवा, पाच मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा. एक लिटर पाण्यात ३६० ग्रॅम मीठ विरघळवले की घनता सुमारे १.२ होते. शंभर ग्रॅम माती त्यात ढवळून रात्रभर ठेवा. पॉलिथिन (०.९२) आणि पॉलिप्रॉपिलीन (०.९०) वर येतील. पीव्हीसी आणि बाटलीचे पीईटी यांची घनता १.३५ च्या वर असते, म्हणून ती तळाशीच राहतील. त्यामुळे ठिबकची नळी सापडेल, पण मुख्य पाईपचा चुरा या रीतीने सापडणार नाही. मुळांचे तुकडे, पेंढ्याची कुसळे हीदेखील वर तरंगतील. सर्व काही गाळणकागदावर घ्या, वाळवा आणि भिंगाखाली एकेका संशयित कणाला तापवलेली सुई टेकवा. कुसळ करपते, प्लास्टिक मऊ पडून आक्रसते. दोन नमुने घ्या : एक मल्चिंगच्या वाफ्यातला आणि एक बांधापलीकडचा, जिथे कधीच पडदा अंथरला गेला नाही. बांधापलीकडेही कण निघाले, तर ते उकिरड्याच्या खतातून आले की रस्त्यावरून, हे शोधायला दोन्ही जागांचा गेल्या दहा वर्षांचा इतिहास शेताच्या मालकाला विचारून वहीत लिहून घ्या.